डाव्या खांद्याची रायफल

हेल्मीने श्वास रोखून धरला होता. पन्नास यार्डांवरचा काळा ठिपका नुकता कुठे स्थिर झाला होता, आणि तेवढ्यात डावीकडून काहीतरी उडत आलं, तिच्या गळ्यावर टेकलं आणि कॉलरमधून सरळ आत उतरलं. चटका असा बसला, की डोळ्यांत टचकन पाणी आलं.

शेजारच्याच्या रायफलमधून उडालेली रिकामी पुंगळी! नेमबाजांच्या क्लबात हा प्रसाद कधी ना कधी प्रत्येकाला मिळतो. मिळाला की भलेभले हातातल्या बंदुकीसकट जागच्या जागी गरगर फिरतात आणि मग टोइनीबाईंची बोलणी खातात. हेल्मी फिरली नाही. तिने आधी रायफल मेजावर ठेवली, नळी समोर करून. खटका मागे ओढला, आतली गोळी काढली, बंदूक रिकामी असल्याची खूण म्हणून खाचेत केशरी पट्टी खोचली, दोन पावलं मागे सरली... आणि मग शर्टाची टोकं धरून अशी काही नाचली, की पत्र्याच्या छपराखालची सगळी ओळ हसून बेजार झाली.

एकटा तो शेजारी तेवढा हसला नाही. आपली रायफल खाली ठेवून तो कानापर्यंत लाल होऊन उभा होता.

"माफ करा हं... ती माझी होती."

"अजून माझ्याकडेच आहे," हेल्मी दात आवळून म्हणाली. "सापडली की परत करते."

"नको, नको... राहू द्या तुम्हालाच."

आता मात्र तिलाच हसू आलं. पुंगळी शेवटी पँटमधून घरंगळत बुटाजवळ पडली. त्याने ती उचलली, तळहातावर घेतली आणि ती खरोखर किती गरम होती हे कळल्यावर त्याचा चेहरा आणखी पडला.

"तुम्ही वरचं बटण लावत नाही का कधी?"

"कधी गरजच पडली नव्हती. बाबा बरोबर असले की मी उजव्या खांद्यावर धरते. तेव्हा शेजाऱ्याकडे पाठ असते माझी."

"आणि आज?"

"आज बाबा आले नाहीत," ती म्हणाली.

तिच्या त्या एवढ्याशा बोलण्यात किती वर्षं होती, ते त्याला त्या दिवशी कळायचं कारण नव्हतं. हेल्मी कोस्केला जन्माची डावखुरी. पण तिचे वडील आर्वो हिवाळाभर रस्त्यावरचा बर्फ हटवणारा भला मोठा ट्रक चालवत, आणि जगातली प्रत्येक गोष्ट एकाच बाजूने करायची असते असं त्यांचं ठाम मत होतं. त्यांनी लेकीला आठव्या वर्षी रायफल धरायला शिकवली ती उजव्या खांद्यावर. नेम धरणारा डोळा तिचा डावा, खांदा उजवा. तेव्हापासून तिच्या गोळ्या कागदावर कुठेही लागत, फक्त मधे लागत नसत. "तुझं लक्ष नसतं," बाबा म्हणत. तिलाही तेच खरं वाटायचं.

"रेंज बंद! हत्यारं खाली, माणसं मागे!" टोइनीबाई गरजल्या. निवृत्त गणितशिक्षिका, सत्तरीच्या घरातल्या, आणि क्लबच्या गुरुवार संध्याकाळींवर त्यांचं एकछत्री राज्य. मेजांवरून पट्ट्या तपासत त्या हेल्मीपाशी आल्या आणि चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "शाबास, पोरी. आधी बंदूक ठेवलीस, मग नाचलीस. नेल्स, तू काय बघत उभा आहेस? जा, आपला कागद आण."

बाहेर सरोवरावरून आलेली झिमझिम सुरू झाली होती. ओल्या देवदाराचा आणि बंदुकीच्या जळक्या दारूचा वास एकमेकांत मिसळला होता. हेल्मीने आपला कागद काढून आणला. पाच गोळ्या, पाचही काळ्या वर्तुळात. ती त्या कागदाकडे कितीतरी वेळ बघत राहिली.

*

शनिवारी दुपारी ती नेल्सच्या, म्हणजे त्या पुंगळीवाल्या शेजाऱ्याच्या, दुकानात गेली. दुकान मुळात त्याच्या मामाचं. पुढे खिळे, दोऱ्या, गळ, रबरी बूट आणि मागच्या भिंतीला रायफली. मामाचे गुडघे गेले तेव्हा नेल्स मिनेसोटाहून मदतीला आला आणि इथलाच झाला. हेल्मीच्या हातात कागदाची पिशवी होती आणि तिच्यातून वाफ येत होती.

"तुमच्या गोळीबाराला हे आमचं उत्तर," तिने पिशवी पुढे केली.

हेल्मी गावातल्या पास्टीच्या बेकरीत काम करायची. पास्टी म्हणजे मांस, बटाटा, कांदा भरलेली हातभर करंजीच म्हणा, आणि करंजीसारखीच तिलाही कडेने मुरड घालतात. नेल्सने पास्टी बाहेर काढली, उलटसुलट करून पाहिली आणि तो एकदम हसला.

"अच्छा! म्हणजे या तुमच्या होत्या तर!"

"काय झालं?"

"बाकीच्यांची मुरड अशी वळते. काही पास्ट्यांची मात्र उलटी. मी बेकरीत येतो ना, तेव्हा काउंटरवरच्या मुलीला म्हणतो, उलट्या मुरडीची दे. ती वेडाच समजते मला. पण त्यांची कड कुरकुरीत असते."

हेल्मी आयुष्यभर त्या उलट्या मुरडीबद्दल बोलणी खात आली होती. कोणी तीच निवडून मागत असेल हे तिच्या स्वप्नातही आलं नव्हतं. काय बोलावं ते न सुचून ती भिंतीकडे वळली.

"मला एक रायफल घ्यायचीय. एकच. पॉइंट टू-टूची, लहान गोळ्यांची, म्हणजे त्या परवडतील. शिकार नको, स्पर्धा नको. गुरुवारी यायचं, कागदाला भोकं पाडायची, लोखंडी तबकडी ठण्ण वाजवायची आणि घरी जायचं. आणि दर गोळीला खटका ओढायला नको. बाबांच्या बंदुकीचा खटका उजवीकडे आहे, डाव्या खांद्यावर घेतली की कसरत होते नुसती."

"मग अर्धस्वयंचलित. चाप ओढला की पुढची गोळी आपली आपण वर येते." नेल्सने काउंटरवर फ्लॅनेल अंथरलं आणि त्यावर दोन रायफली ठेवल्या. "ही पहिली. गावात दहातल्या आठांकडे हीच. हलकी, स्वस्त, मोडली तर सुटा भाग कुठेही मिळतो. पण पुंगळी उजवीकडे फेकते. तुम्ही डाव्या खांद्यावर धरलीत, तर ती तुमच्या नाकासमोरून जाणार. चष्मा लावला की धोका नाही, पण डोळा मिचकावायची सवय लागू शकते. ही दुसरी. नळीखालच्या लांब पोकळीत एकेक गोळी सोडायची. भरायला वेळ लागतो. काहींना तो वेळच आवडतो."

"आणि तिसरी?"

"तिसरी दुकानात नाही. मागवावी लागते. खास डावखुऱ्यांसाठी. सुरक्षेची कळ, खटका, सगळं उलट्या अंगाला, पुंगळीसुद्धा डावीकडे. जरा महाग आहे. आणि परत विकायला गेलात तर गिऱ्हाईक लवकर मिळणार नाही."

"मग मी कुठली घेऊ?"

नेल्सने फडकं उचललं आणि आधीच चकचकीत असलेली नळी पुसायला घेतली.

"ते तुम्ही ठरवा," तो म्हणाला.

*

त्या क्लबाची एक चांगली चाल आहे. गुरुवारचा नेम संपला, की सभासद आपापल्या रायफली लांब मेजावर मांडून ठेवतात, आणि ज्याला नवी घ्यायची असेल त्याने प्रत्येकीवर हात चालवून बघायचा. कोणी नाही म्हणत नाही. हेल्मीने त्या जूनमध्ये एकूण एक रायफल पाहिली. उपवर मुलासाठी स्थळं बघणाऱ्या आत्यानेसुद्धा इतकी चोखंदळ नजर लावली नसती. ही जड, ती फार हलकी, हिचा चाप कडक, तिचा दस्ता आखूड...

बाबा त्या महिन्यात क्लबात फिरकले नाहीत. आणि दर वेळी उजवीकडच्या मेजावर ती, डावीकडच्या मेजावर नेल्स.

नेमबाजांच्या ओळीत सगळे उजव्या खांद्याचे असले, की प्रत्येकाला पुढच्याची पाठ तेवढी दिसते. पण उजव्याच्या उजवीकडे डावखुरा उभा राहिला तर दोघं समोरासमोर येतात. गोळी सुटली, रायफल खाली आली, नजर वर गेली की समोर दुसऱ्याचा चेहरा. हेल्मीला आधी संकोच वाटला. मग ती त्या क्षणाची वाट बघू लागली. नेम धरताना नेल्सच्या कपाळावर एक बारीक आठी पडायची आणि गोळी सुटली की विरून जायची. गोळी कुठे लागली हे ती कागदाआधी त्याच्या चेहऱ्यावरून ओळखायला शिकली. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

"तू आधी माझ्याकडे बघतेस, मग कागदाकडे," तो एकदा म्हणाला.

"तुला कसं कळलं? म्हणजे तूही बघतोस."

"मी... पुंगळी कुठे पडते ते बघतो. एकदा पोळलंय मी एका बाईला."

"बाईला?"

"मुलीला," त्याने घाईघाईने दुरुस्ती केली, आणि मागे टोइनीबाई खोकल्या. त्यांना सर्दी झालेली नव्हती.

एका संध्याकाळी पाऊस जोरात आला, लक्ष्याचे कागद भिजून लोंबायला लागले आणि रेंज बंद झाली. दोघं छपराखाली बसून थर्मासमधली कॉफी प्यायले. हेल्मीने वेलदोड्याचा गोड पाव आणला होता. दहा वाजत आले तरी आकाशात उजेड होता.

"एक रायफल घ्यायला इतके दिवस लावणारं माणूस पाहिलं होतंस का कधी?" तिने विचारलं.

"नाही."

"हसशील, पण भीती वाटते." ती पावाचा तुकडा बोटांनी कुस्करत राहिली. "गेल्या वर्षी माझं लग्न ठरलं होतं. ब्रेंटशी. माणूस वाईट नव्हता हं. बाबांना आवडला, मावशीला आवडला, सगळ्या बेकरीला आवडला. मला विचारलं तेव्हा 'हो' म्हणायला मला क्षणही लागला नाही, कारण सगळ्यांचं आधीच हो झालं होतं. मग घर त्याने ठरवलं, पडदे त्याच्या आईने. आणि एके दिवशी मी अंगठी परत देऊन आले. का, ते मला नीट सांगतासुद्धा आलं नाही. आता मोज्यांच्या दोन जोडांतला एक निवडायचा म्हटलं तरी वाटतं... मला कुठे काय कळतं?"

नेल्सने तिच्या कपात आणखी कॉफी ओतली. त्याचं न बोलणं तिला नेहमीच आवडायचं. त्या दिवशी मात्र तिला उत्तर हवं होतं.

"नेल्स, तूच सांग ना आता. कुठली घेऊ?"

"नाही सांगणार."

"अरे, दुकानदार ना तू? गिऱ्हाईक विचारतंय!"

"गिऱ्हाईक असतीस तर केव्हाच सांगितलं असतं."

पत्र्यावर पाऊस वाजत होता. हेल्मीने मान वर केली.

"म्हणजे?"

"म्हणजे... काही नाही." त्याने थर्मासचं झाकण घट्ट केलं, मग पुन्हा उघडलं. "कॉफी गार होतेय."

तिला कळलं. बाईमाणसाला असलं काही कळायला दुसऱ्यांदा सांगावं लागत नाही. तिच्या छातीत आनंदाची एक उसळी आली आणि तिच्या पाठोपाठ, अगदी तिला लागूनच, तीच जुनी भीती. मागच्या वेळेसारखंच याही वेळी चुकलं तर? पुन्हा गावभर चर्चा, पुन्हा एका भल्या माणसाच्या हातात अंगठी ठेवून परत फिरायचं... पुढच्या गुरुवारी ती क्लबात गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही.

*

जुलैत तिचा वाढदिवस. त्याच्या आदल्या दिवशी आर्वो घरात शिरले ते दार आपटतच.

"तो दुकानातला पोरगा! काय नाव त्याचं?"

"नेल्स," हेल्मी म्हणाली.

"डोकं फिरलंय त्याचं! मी रोख पैसे काउंटरवर ठेवले. म्हटलं, ती सगळ्यांकडे असते ती रायफल दे, लेकीच्या वाढदिवसाला द्यायचीय. तर म्हणतो कसा, देत नाही!"

"देत नाही?"

"विकत देत नाही! चार रायफली भिंतीला लटकताहेत आणि म्हणतो देत नाही. 'मिस्टर कोस्केला, ती स्वतः निवडतेय, तिला निवडू द्या. तुम्हाला स्वतःसाठी हवी तर आत्ता देतो.' दुकानदार आहे का पाद्री? मी म्हटलं, तिला निवडता आलं असतं तर महिनाभर घोळ घातला असता का? तर म्हणाला, 'एक महिना लागू दे नाहीतर दहा. मी थांबेन.' अरे, तू थांबशील म्हणजे? तुझा काय संबंध?"

हेल्मी आधी हसली. मग तिचे डोळे भरून आले. मग ती दोन्ही एकदम करायला लागली आणि आर्वो घाबरले.

"काय झालं, पोरी? हवी होती का ती? दुसऱ्या गावातून आणतो..."

"नको, बाबा." तिने त्यांचा हात धरला. मेजावर त्यांची टोपी पडली होती, ती उचलून खुंटीला लावली. "बाबा, मी डावखुरी आहे."

"ते ठाऊक आहे मला."

"मी डाव्या खांद्यावरून मारते. तुम्ही नसता तेव्हा. आणि मधे लागते, बाबा... दर वेळी मधे लागते."

आर्वोंनी आपल्या जाडजूड उजव्या हाताकडे पाहिलं.

"मग लहानपणीच सांगायचंस," ते म्हणाले.

"सांगितलं होतं."

आर्वोंनी उठून दोघांसाठी कॉफी ओतली आणि तिचा कप तिच्या डाव्या हाताशी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडायच्या आधीच हेल्मी दारात उभी होती. बेकरीतलं पीठ अजून कोपरापर्यंत लागलेलं. आत नेल्सचा मामा खुर्चीत बसून वर्तमानपत्र वाचत होता, म्हणजे कान इकडे लावून होता.

"ती तिसरी मागव," ती म्हणाली. "डाव्या हाताची."

"महाग पडेल."

"ठाऊक आहे. यंदा नवे बूट नाहीत."

"परत विकायला..."

"मला ती विकायचीच नाही, नेल्स."

त्याने तिच्याकडे पाहिलं. गोळी सुटल्यावर कपाळावरची आठी विरते, तशी विरली. मामाने वर्तमानपत्राचं पान उलटलं, तेही चुकीच्या बाजूला.

"आली की कळवतो," नेल्स एवढंच म्हणाला.

*

रायफल आली ती ऑगस्टच्या ऐन उकाड्यात. बंदूक घेताना कायद्याने लागते ती रीतसर चौकशी झाली, सही झाली, आणि गुरुवारी संध्याकाळी हेल्मी ती पेटीत घालून क्लबात आली. बरोबर आर्वो होते, हातांच्या मुठी खिशात कोंबून.

टोइनीबाईंनी रायफल उलटसुलट न्याहाळली. "छान. पुंगळी डावीकडे फेकते ना? मग डाव्या टोकाचं शेवटचं मेज तुझं. पलीकडे गवत आहे, कोणाला इजा नाही. नियमच आहे तसा."

"नियम आहे की रिवाज, बाई?"

टोइनीबाईंनी भुवई उंचावली. "रिवाज."

"मग मला नेहमीचंच मेज द्या. नेल्सच्या उजवीकडचं."

"अगं, सगळ्या पुंगळ्या त्याच्या अंगावर जातील!"

"जाऊ देत. पहिली त्याने टाकली होती."

ओळीतले लोक हसले. तेवढ्यात नेल्स आपली पेटी घेऊन छपराखाली आला आणि हसणं आणखी वाढलं. घामाच्या धारा लागल्या होत्या, बाकीचे बिनबाह्यांच्या बनियनवर होते, आणि या गड्याने पूर्ण बाह्यांचा शर्ट चढवून वरचं बटण थेट गळ्यापर्यंत लावलं होतं. डोक्यावर टोपी, डोळ्यांना चष्मा.

"याला कोणी सांगितलं रे, ती कुठे उभी राहणार ते?" मागून कोणीतरी विचारलं.

"कोणी नाही," नेल्स म्हणाला. तो तिच्याच डावीकडच्या मेजाशी येऊन थांबला आणि आवाज खाली आणून म्हणाला, "नुसती आशा होती."

मन असं उडालेलं असताना नेम धरू नये हे हेल्मीला पक्कं ठाऊक होतं, म्हणून तिने रायफल मेजावरच राहू दिली, खाचेत केशरी पट्टी तशीच. आधी बंदूक खाली, मग बाकी सगळं.

"नेल्स, मी दोन गुरुवार आले नाही, ते..."

"मी विचारलं का?"

"तू कधी काही विचारतच नाहीस! म्हणून मलाच सांगावं लागतंय." तिने एक दीर्घ श्वास घेतला. "मला भीती वाटत होती. अजूनही वाटते. पण तू मला आवडतोस. हे मला कोणी सुचवलेलं नाही. बाबा तर तुला पाद्री म्हणतात. हे माझं मी ठरवलंय."

नेल्सचे कान पुन्हा पहिल्या दिवसासारखे लाल झाले.

"मी त्याच दिवशी ठरवलं होतं," तो म्हणाला. "तू आधी रायफल ठेवलीस आणि मग नाचलीस, तेव्हा. पण मी बोललो असतो तर तू लगेच हो म्हणाली असतीस... सवयीने. मला तसलं हो नको होतं."

"आणि हे?"

"हे हवं होतं."

"प्रेमाच्या गोष्टी संपल्या असतील तर रेंज उघडू का?" टोइनीबाई ओरडल्या. "चष्मे लावा! कान झाका! नेल्स, या फेरीला तू मारू नकोस, तुझे हात बघ कसे कापताहेत. बस तिथे खाली आणि तिचे नेम मोज."

नेल्स मुकाट्याने आपल्या मेजामागच्या स्टुलावर बसला. हेल्मीने रायफल उचलली, डाव्या खांद्याला लावली. दस्ता गालाशी असा बसला, जसा आजवर एकही बसला नव्हता. ठिपका आला, थरथरला, स्थिर झाला. मागे आर्वोंनी श्वास रोखलेला तिला जाणवला.

ठण्ण! लोखंडी तबकडी झुलली. पुंगळी चमकत डावीकडे उडाली, नेल्सच्या टोपीच्या कडेवर आपटली आणि त्याच्या मेजावर पडून गिरकी खाऊ लागली. त्याने ती चटकन मुठीत धरली.

"सोड ना, वेड्या," तबकडीवरची नजर न हलवता हेल्मी म्हणाली. "भाजेल."

"भाजतेय," तो म्हणाला, आणि त्याने मूठ उघडली नाही.